पुण्यातले दोन गेम, दोन नशिबं : मोठ्या स्टुडिओंसमोर छोटे गेम डेव्हलपर कसे टिकतात?

जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने एका फटक्यात सहा गेम रद्द केले. त्या यादीतलं एक नाव वाचून पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच जणांना चुटपुट लागली असेल. ते नाव होतं 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'च्या रिमेकचं. सप्टेंबर २०२० मध्ये या रिमेकची घोषणा झाली, तेव्हा तो युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होता. एवढ्या नावाजलेल्या गेमची मुख्य जबाबदारी भारतातल्या टीमकडे येणं ही मोठी गोष्ट होती. चाहत्यांनी पाच वर्षांहून जास्त वाट पाहिली, पण गेम आलाच नाही.

त्या घोषणेच्या जेमतेम तीन आठवडे आधी, १८ ऑगस्ट २०२० ला, पुण्यातलाच दुसरा एक गेम निन्टेंडो स्विचवर जगभर विक्रीला आला होता. त्याचं नाव 'राजी : ॲन एन्शंट एपिक'. तो बनवला होता नॉडिंग हेड्स गेम्स या डझनभर लोकांच्या स्टुडिओने.

पहिल्या गेमच्या मागे जगातली एक बलाढ्य कंपनी होती. दुसऱ्याच्या मागे, पैसे संपल्यावर विकलेला एक फ्लॅट होता.

आता हे सगळं पुण्यातलं आणि पॅरिसमधलं झालं. देवरूखसारख्या तालुक्याच्या गावाचा याच्याशी काय संबंध? तर देवरूखात कला आणि डिझाइन शिकवणारं 'डी-कॅड' म्हणजे देवरूख कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइन आहे. जवळच आंबवला राजेंद्र माने इंजिनीअरिंग कॉलेज आहे. गेम बनवायला किमान दोन प्रकारची माणसं लागतात, चित्र काढणारी आणि कोड लिहिणारी. ती दोन्ही इथे काही किलोमीटरच्या अंतरात शिकतात. डिग्री हातात आली की बहुतेकांचा रस्ता पुण्या-मुंबईकडेच जातो. तिथे मोठ्या कंपनीत नोकरी धरायची, की मित्रांसोबत स्वतःचा गेम बनवायचा? आणि तो गेम गावात बसून बनवता येईल का? याचं उत्तर शोधायचं तर या धंद्यात पैसा कुठून येतो आणि बुडाला तर कोणाचा बुडतो, हे आधी समजून घ्यावं लागेल.

'इंडी' आणि 'ट्रिपल ए' म्हणजे काय?

गेमच्या दुनियेत हे दोन शब्द सारखे कानावर पडतात. 'ट्रिपल ए' म्हणजे शेकडो, कधी हजारो लोक अनेक वर्षं राबून बनवतात ते महागडे गेम. 'जीटीए', 'कॉल ऑफ ड्यूटी', 'असॅसिन्स क्रीड' ही त्यातली ओळखीची नावं. सिनेमाच्या भाषेत सांगायचं तर बड्या स्टारचा, बड्या बॅनरचा पिक्चर.

'इंडी' हा इंडिपेंडंटचा लघुरूप. एक जण, चार जण किंवा वीस-तीस जण मिळून, कुठल्याही बड्या कंपनीच्या मालकीखाली न राहता बनवतात तो गेम. काय बनवायचं, कसं बनवायचं आणि कधी बाजारात आणायचं, हे तेच ठरवतात.

गंमत म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची सुरुवात जवळजवळ अशीच झाली होती. पहिला गेम १९८९ मध्ये ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी आला. तो जॉर्डन मेकनर या तरुणाने जवळपास एकट्याने बनवला होता. गेममधला राजपुत्र खऱ्या माणसासारखा धावावा आणि उडी मारावी म्हणून मेकनरने स्वतःच्या धाकट्या भावाला पळायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि त्यावरून एकेक चित्र उतरवून घेतलं. पुढे हे नाव युबिसॉफ्टकडे आलं आणि २००३ मध्ये 'सँड्स ऑफ टाइम' आला. आपल्याकडच्या एका पिढीने सायबर कॅफेत किंवा मित्राच्या घरच्या पीसीवर तो खेळलेला आहे. ज्या गेमचा पहिला अवतार एका माणसाने पूर्ण केला, त्याचाच रिमेक खंडोखंडी ऑफिसं असलेल्या कंपनीला पूर्ण करता आला नाही.

रिमेकचं नेमकं काय झालं?

युबिसॉफ्ट पुण्यात आली २००८ मध्ये, गेमलॉफ्टचा इथला स्टुडिओ विकत घेऊन. २०१८ मध्ये मुंबईचा स्टुडिओ सुरू झाला. अशा स्टुडिओंचं बरंचसं काम पडद्यामागचं असतं. दुसरीकडे तयार होणाऱ्या गेमची चाचणी घ्यायची, तो वेगवेगळ्या मशीनवर चालेल असा करायचा, त्याचा एखादा भाग बनवून द्यायचा. 'सँड्स ऑफ टाइम'चा रिमेक ही त्यातून पुढे यायची संधी होती.

पण ट्रेलर आल्यावर ग्राफिक्स जुनाट दिसतात म्हणून जगभरातून टीका झाली. आधी जाहीर झालेली जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली आणि नंतर बेमुदत लांबली. मे २०२२ मध्ये युबिसॉफ्टने काम पुणे-मुंबईकडून काढून कॅनडातल्या मॉन्ट्रियल स्टुडिओकडे दिलं. २०२४ मध्ये सांगितलं गेलं की गेम २०२६ मध्ये येईल. २०२६ उजाडलं आणि पहिल्याच महिन्यात तो रद्द झाला.

यात पुण्याच्या टीमचं चुकलं की मॉन्ट्रियलच्या, हा वाद चाहते घालत बसतील. खरा मुद्दा निर्णय कुठे झाला हा आहे. काम पुण्याला देणं, ते काढून घेणं आणि शेवटी गुंडाळणं, हे तिन्ही निर्णय कंपनीच्या वरच्या पातळीवर झाले. ज्यांनी या गेमवर वर्षं घालवली, त्यांना त्या काळात पगार मिळाला. पण 'हा मी बनवलेला गेम' म्हणून दाखवायला त्यांच्या हातात आज काही नाही.

आणि 'राजी'चं?

'राजी'ची गोष्ट उलट्या बाजूने सुरू होते. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड या तिघांनी नॉडिंग हेड्स सुरू केलं. सर्कशीत काम करणारी राजी, असुरांनी पळवून नेलेला तिचा भाऊ गोलू, तिच्या मदतीला दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी धाटणीचे महाल आणि पहाडी चित्रशैलीची आठवण करून देणारी रंगसंगती असा सगळा मामला होता. भिंतीवरून धावणं, खांबावरून झेप घेणं ही त्यातली करामत पाहिली की 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवतोच.

२०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टर या वेबसाइटवर लोकवर्गणी मागितली. किकस्टार्टरचा नियम कडक आहे. ठरवलेली रक्कम पूर्ण जमली तरच पैसे मिळतात, नाहीतर एक रुपयाही मिळत नाही. रक्कम जमली नाही. बचत संपत आली. संस्थापकांपैकी एकाने फ्लॅट विकून काम चालू ठेवलं, हे टीमने पुढे मुलाखतींमध्ये सांगितलं आहे. नंतर प्रकाशक मिळाला आणि गेम पूर्ण झाला.

स्विचनंतर ऑक्टोबर २०२० मध्ये तो पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला. द गेम अवॉर्ड्स म्हणजे या क्षेत्रातले ऑस्कर समजा. तिथे त्या वर्षी 'राजी'ला इंडी पदार्पणाच्या गटात नामांकन मिळालं. पुरस्कार 'फॅस्मोफोबिया' या गेमला गेला, पण त्या यादीत पुण्याचं नाव आलं. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली, तिच्यात हिंदी आवाजही होता. मग नेटफ्लिक्सने तो मोबाईलवर आणला.

समीक्षा मात्र संमिश्र होत्या. गेम लहान आहे, लढाई अजून घोटीव हवी होती, असं अनेकांनी लिहिलं. म्हणजे 'राजी' काही चमत्कार नव्हता. मर्यादित पैशात जेवढं जमलं तेवढं त्या टीमने केलं, पण ते पूर्ण केलं आणि ते त्यांच्या नावावर राहिलं.

मोठ्या स्टुडिओंचं गणित कुठे बिघडलं?

मोठ्या कंपन्यांचा पहिला प्रश्न आहे फुगलेला खर्च. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि ॲक्टिव्हिजनच्या व्यवहाराची चौकशी केली. त्या अहवालानुसार २०२४-२५ मध्ये येणाऱ्या ट्रिपल ए गेम्सना २० कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त बजेट मंजूर होत होतं. म्हणजे साधारण पावणेदोन हजार कोटी रुपये. एवढ्या पैशात आपल्याकडे अनेक बिग बजेट सिनेमे होतील.

एवढा पैसा लागला की धाडस करायला कोणी धजत नाही. मग चाललेल्या गेमचा पुढचा भाग काढा, जुन्या गेमचा रिमेक काढा किंवा सगळे खेळतायत तसाच ऑनलाइन गेम काढा, असे सावध निर्णय होतात. तरी डाव उलटतोच. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला विक्रीतून काढून घ्यावा लागला. खरेदीदारांना पैसे परत दिले गेले. अनेक वर्षांची मेहनत दोन आठवडे टिकली, आणि ऑक्टोबरमध्ये तो बनवणारा फायरवॉक स्टुडिओच बंद झाला.

गेम चांगला झाला तरी नोकरी टिकेल याची खात्री नसते. जपानच्या टँगो गेमवर्क्सने बनवलेल्या 'हाय-फाय रश'चं २०२३ मध्ये भरपूर कौतुक झालं. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओ बंद करण्याची घोषणा केली. पुढे दुसऱ्या कंपनीने तो विकत घेतला, म्हणून नाव तरी उरलं. २०२३ पासून जगभरातल्या गेम कंपन्यांनी हजारो लोकांना कामावरून काढलं आहे. एकट्या मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये गेम विभागातल्या १,९०० जणांना घरी पाठवलं.

म्हणजे छोटे जिंकतायत?

बातम्या वाचून तसंच वाटेल. फ्रान्समधल्या मोंपेलिए शहरात सँडफॉल इंटरॲक्टिव्ह नावाचा स्टुडिओ आहे, मुख्य टीम सुमारे ३० जणांची. त्यांचा 'क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्स्पिडिशन ३३' एप्रिल २०२५ मध्ये आला, लाखोंनी विकला गेला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. सप्टेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूठभर लोकांच्या टीम चेरीचा 'हॉलो नाइट : सिल्कसाँग' आला, तेव्हा एवढी झुंबड उडाली की गेमची मोठमोठी ऑनलाइन दुकानं काही काळ कोलमडली. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम तर एरिक बॅरोन या एकाच माणसाने चार वर्षांहून जास्त काळ खपून बनवला. २०१६ मध्ये आलेल्या त्या गेमच्या आजवर ४ कोटींहून जास्त प्रती खपल्यात.

पण ही उदाहरणं म्हणजे दहावीच्या बोर्डात पहिले आलेले. त्यांच्याकडे बघून सगळ्या वर्गाचा निकाल कळत नाही.

एक तर 'छोटा' हा शब्द फसवा आहे. सँडफॉलचा खर्च १ कोटी डॉलरपेक्षा कमी होता असं सांगितलं जातं. ट्रिपल एच्या तुलनेत ही चिल्लर, पण रुपयात ती रक्कम ८५-९० कोटींच्या घरात जाते. शिवाय मुख्य टीम ३० जणांची असली तरी बाहेरचे ॲनिमेटर, संगीतकार आणि अनुभवी प्रकाशक सोबत होते. देवरूखातल्या किंवा पुण्यातल्या चार मित्रांची तुलना त्यांच्याशी होऊ शकत नाही.

दुसरं म्हणजे गर्दी. पीसी गेमचं जगातलं सगळ्यात मोठं दुकान म्हणजे स्टीम. २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून जास्त नवे गेम आले. म्हणजे दिवसाला सुमारे ५०. बहुतेक गेम कोणाच्या नजरेलाही पडत नाहीत. तुमचा गेम वाईट असल्यामुळे पडतो असं दरवेळी नसतं, तो आहे हेच कोणाला कळत नाही.

चार जणांचं गणित मांडून बघू

समजा, चार मित्र मिळून दोन वर्षांत एक गेम बनवतात. प्रत्येकाचा महिन्याचा खर्च २५ हजार रुपये धरू. मग ४ × २५,००० × २४, म्हणजे २४ लाख रुपये झाले. यात कॉम्प्युटर, वीज, इंटरनेट, संगीत, जाहिरात काहीच धरलेलं नाही.

गेमची किंमत ५०० रुपये ठेवली. स्टीम त्यातले ३० टक्के, म्हणजे १५० रुपये, कापून घेतं. उरले ३५०. नुसते २४ लाख वसूल करायला जवळपास ६,९०० प्रती विकाव्या लागतील. प्रकाशकाने उरलेल्यातला निम्मा वाटा घेतला, तर हाच आकडा १३,७०० च्या पुढे जातो. त्यात कर आले, सेलमध्ये द्यावी लागणारी सूट आली, परत केलेल्या प्रती आल्या. एवढं करून चौघांच्या हातात नफा म्हणून शून्य रुपये आहेत. फक्त खर्च निघाला.

गंमत बघा, ३० टक्क्यांचा हा दर सगळ्यांना सारखा नाही. एखाद्या गेमची कमाई १ कोटी डॉलरच्या पुढे गेली की स्टीम पुढच्या कमाईवर २५ टक्के घेतं, ५ कोटी डॉलरनंतर २० टक्के. म्हणजे जो जास्त कमावतो त्याला कापणी कमी. गुगल प्लेवर उलट आहे. तिथे वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरच्या कमाईवर १५ टक्केच कापले जातात.

वर मांडलेल्या हिशेबात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. हे २४ लाख गेम विकायला लागण्याच्या आधी लागतात. मोठ्या स्टुडिओत हा पैसा कंपनी घालते आणि डाव फसला तर कामगारांची नोकरी जाते. छोट्या स्टुडिओत हा पैसा बचतीतून, आई-वडिलांकडून किंवा विकलेल्या फ्लॅटमधून येतो. डाव फसला तर घर अडचणीत येतं. मोठा विरुद्ध छोटा या वादात कोणाचा गेम भारी, याची चर्चा खूप होते. जोखीम कोणाच्या डोक्यावर पडते, याची होत नाही.

भारतात अडतं कुठे?

आपल्याकडे गेम खेळणारे कमी आहेत असं नाही. एसटी स्टँडवर बसलेल्या पोरांच्या हातातला मोबाईल बघितला तरी कळतं. पण बहुतेक जण मोबाईलवर आणि फुकट खेळतात. ५०० रुपये मोजून गेम विकत घेण्याची सवय अजून मोजक्या लोकांना आहे.

महाराष्ट्रातलं सगळ्यात ओळखीचं यश याच फुकट बाजारातलं आहे. 'लुडो किंग' बनवणारी गेमेशन ही विकास जयस्वाल यांची कंपनी नवी मुंबईची. गेम २०१६ मध्ये आला आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घराघरात पोचला. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना येणारा खेळ, साध्या फोनवर चालणारा आणि लांब अडकलेल्या नातेवाइकांसोबत खेळता येणारा. पण फुकट गेमची कमाई मुख्यतः जाहिरातींवर असते आणि भारतातल्या एका खेळाडूमागे जाहिरातीचे फार कमी पैसे मिळतात. त्यामुळे कोट्यवधी लोकांनी डाउनलोड केला तरच पोट भरतं. 'राजी'सारखा गोष्ट सांगणारा गेम या मार्गाने जगणं अवघड आहे. म्हणून तो परदेशी ग्राहकाकडे बघूनच बनवावा लागतो.

दुसरी अडचण 'गेमिंग' या शब्दाचीच आहे. कितीतरी वर्षं आपल्याकडे गेमिंग कंपनी म्हटलं की पैसे लावून खेळायची ॲप्स डोळ्यांसमोर यायची. रमी, पोकर, फँटसी क्रिकेट. गुंतवणूकदारांचा मोठा पैसाही तिकडेच गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणली, मग तो कौशल्याचा खेळ असो वा नशिबाचा. मुंबईच्या ड्रीम११ लाही पैशांच्या स्पर्धा बंद कराव्या लागल्या. ई-स्पोर्ट्स आणि साधे सोशल गेम यांना कायद्याने वेगळं ठेवलं आहे. गोष्टीचे, कोड्यांचे, कलेचे गेम बनवणाऱ्यांना यामुळे निदान ओळख तरी स्वतंत्र मिळाली. 'मुलगा गेमिंगमध्ये आहे' म्हटल्यावर घरचे जुगार समजून घाबरायचे, ते कदाचित कमी होईल.

सरकारचं धोरण काय म्हणतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'एव्हीजीसी-एक्सआर' धोरण मंजूर केलं. ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स आणि एक्स्टेंडेड रिॲलिटी यांचं हे एकत्र नाव. २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा, ५० हजार कोटींची गुंतवणूक आणि २ लाख रोजगार ही त्यातली जाहीर उद्दिष्टं आहेत. कर्नाटकने असं धोरण २०१२ मध्येच आणलं होतं, त्या मानाने आपण उशिरा जागे झालो. त्याआधी मे २०२५ मध्ये मुंबईत 'वेव्हज' ही मोठी परिषद झाली. या क्षेत्राचं शिक्षण देणारी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्थाही मुंबईत सुरू झाली आहे.

हे चांगलंच आहे. पण गुंतवणूक आणि रोजगार हे आकडे मोठी कंपनी आली की पटकन वाढतात. ५०० जणांचं ऑफिस उघडलं की फीत कापता येते. चार जणांच्या टीमने एक गेम पूर्ण केला, तर रोजगाराच्या रकान्यात फक्त चार लिहिता येतात. आणि ते ५०० जणांचं ऑफिस परदेशातल्या निर्णयावर अवलंबून असेल, तर त्याचं काय होऊ शकतं हे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ने दाखवलंच आहे.

छोट्यांना लागणारी मदत वेगळ्या आकाराची असते. ब्रिटनमध्ये २०१५ पासून यूके गेम्स फंड आहे. तो छोट्या टीमला नमुना-गेम, म्हणजे प्रोटोटाइप, बनवण्यापुरतं लहान अनुदान देतो. नमुना हातात असला की प्रकाशकाच्या दारात उभं राहता येतं. आपल्याकडे या जागी आज कंपन्याच जास्त दिसतात. सोनीच्या 'इंडिया हीरो प्रोजेक्ट'मध्ये निवडल्या गेलेल्या गेम्समध्ये अंडरडॉग्ज स्टुडिओचा 'मुक्ती' आहे. मानवी तस्करीवरचा हा गेम एका संग्रहालयात घडतो. असा विषय घेऊन सावध बजेटच्या बैठकीत कोणी गेलं असतं, तर त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं.

देवरूखातून गेम बनेल का?

साधनांचा प्रश्न आता जवळपास सुटला आहे. गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे. युनिटी सुरुवातीला फुकट वापरता येतं. अनरिअलला १० लाख डॉलरच्या कमाईनंतरच वाटा द्यावा लागतो. थ्रीडीसाठी ब्लेंडर मोफत आहे. शिकायचं तर यूट्यूब आहे. स्टीमवर गेम टाकायचे १०० डॉलर आणि गुगल प्लेवर एकदाच भरायचे २५ डॉलर. गुगल प्लेच्या नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. तेवढे मित्र कुठल्याही कॉलेजात मिळतात.

राहण्याचा खर्चही इथे कमी आहे. मघाच्या हिशेबातले २५ हजार पुण्यात भाडं, मेस आणि प्रवासात संपतात. देवरूखात स्वतःच्या घरी राहून तोच खर्च निम्म्यावर आला, तर २४ लाखांचे १२ लाख होतात. छोट्या स्टुडिओसाठी हा फरक म्हणजे आणखी दोन वर्षं तग धरण्याची ताकद. पावसाळ्यात वीज जाणार, नेट रखडणार हे गृहीत धरूनही.

विषयांची तर ददातच नाही. 'व्हेंबा' नावाचा गेम २०२३ मध्ये आला. टोरोंटोतल्या छोट्या टीमने बनवलेला, कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाचा आणि आईच्या स्वयंपाकाचा गेम. इडली कशी वाफवायची हे त्यातलं कोडं आहे. त्याला २०२४ मध्ये पदार्पणाचा बाफ्टा मिळाला. जगाला सगळं समजेल असं गुळगुळीत करून त्यांनी विकलं नाही, आपल्या घरातलं जसंच्या तसं ठेवलं. आता रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षीच्या सड्यावर कोरलेला हत्ती आठवा. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. शिमग्यातला संकासूर आठवा, नमन-खेळ्यांची रात्र आठवा, मार्लेश्वरचं लग्न आठवा. पावणेदोन हजार कोटी लावणारी कंपनी असल्या गोष्टीला हात लावणार नाही. तिला एवढे पैसे परत मिळवायला साऱ्या जगाला आवडेल असंच काहीतरी हवं असतं. छोट्या टीमला काही हजार चोखंदळ ग्राहक पुरतात.

मग अडतं कशावर? पहिल्या दोन वर्षांच्या पगारावर, आणि अनुभवावर. गेम सुरू करणारे खूप असतात, पूर्ण करणारे थोडे. पूर्ण कसा करायचा हे मोठ्या स्टुडिओत चांगलं शिकायला मिळतं. त्यामुळे मोठी कंपनी म्हणजे शत्रू असंही नाही. काही वर्षं नोकरी, थोडी बचत, सोबतीला दोन-तीन भरवशाचे सहकारी आणि मग स्वतःचा गेम, हा मार्ग जगभर अनेकांनी घेतला आहे. सँडफॉल सुरू करणारे गियोम ब्रोश आधी युबिसॉफ्टमध्येच होते. आणि पहिला गेम दोन वर्षांचा न धरता दोन-तीन महिन्यांत संपेल एवढाच धरला, तर फसला तरी घर विकावं लागत नाही.

पुढे काय बघायचं?

जगाचं लक्ष यंदा 'जीटीए ६' कडे आहे. त्याची सध्याची जाहीर तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे. तो आला की विक्रीचे विक्रम मोडतील आणि ट्रिपल ए संपलं म्हणणारे काही दिवस गप्प बसतील.

महाराष्ट्रापुरतं बघायचं तर वेगळ्या गोष्टींवर लक्ष ठेवावं लागेल. धोरणातल्या पैशातून नमुना-गेमसाठी लहान अनुदानं निघतात का? अर्ज करायला कंपनी, ऑफिस आणि उलाढालीची अट असेल, की कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली चार पोरंही अर्ज करू शकतील? मदत मुंबई-पुण्यातल्या पार्कपुरती राहते की तालुक्याच्या गावापर्यंत पोचते? डी-कॅडमधली चित्रकार मुलगी आणि आंबवचा कोड लिहिणारा मुलगा एकत्र बसून कातळावरच्या हत्तीला चालायला लावतील की नाही, हे त्यांच्या हुशारीइतकंच या अटींवरही ठरेल.